रानअळंबी खाण्यापूर्वी

पावसाळ्याच्या आरंभी वारुळांवर सात्या उगवतात आणि आपल्या घरोघरी त्यांची भाजी शिजते. ती चव आम्हांलाही प्रिय आहे. म्हणूनच काही गैरसमज दूर करणे आम्ही कर्तव्य मानतो. किडे खातात ती अळंबी निर्धोक, सोबत शिजवलेला लसूण काळा पडला तरच ती विषारी, उकळल्याने विष उतरते, हे तिन्ही समज खोटे आहेत. अमॅनिटा वंशाच्या काही अळंब्यांचे विष शिजवूनही टिकते. बहुधा ६ ते २४ तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे बरे वाटू लागते, पण त्याच काळात यकृत निकामी होत असते.

अळंबी वरच्यावर तोडू नये, बुडासह उकरावी. एरवी विषारी अमॅनिटाच्या बुडाशी असणारी पिशवी मातीतच राहून जाते. छत्रीखालच्या पातळ पडद्यांचा रंग, देठावरचे कडे, बूड आणि उगवण्याची जागा या साऱ्या खुणा जाणत्या माणसाने पारखल्यावरच ती खावी. एकाही खुणेविषयी शंका असल्यास टाकून द्यावी. त्रास झाल्यास, मध्येच बरे वाटले तरी, उरलेली अळंबी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. सुटीत घरी येणाऱ्या मुलामुलींना पालकांनी हे आवर्जून सांगावे.