ग्रंथपालाला प्रश्न विचारण्याचा फॉर्म

वळसंगच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थिनी ग्रंथालयात जाते आणि म्हणते, "सर, विहिरीची माहिती पाहिजे." ग्रंथपाल मान वर करून विचारतो, "कसली गं माहिती? विहीर खणायची आहे का? अनुदान हवंय?" ती म्हणते, "नाही, आपल्या गावातली. बाबासाहेब आले होते ती." झाले! दोन वाक्यांत गाठ सुटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली वळसंगला आले होते आणि त्या भेटीची आठवण गावातील एका विहिरीशी जोडलेली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता असे समजा, की ग्रंथालयाने प्रश्न घेण्यासाठी मोबाईलवर एक ऑनलाईन फॉर्म ठेवला. मुलीने त्यात तेच लिहिले, "विहिरीची माहिती पाहिजे." ग्रंथपाल सोलापुरात, मुलगी गावात. उत्तर आले ते सिंचन विहिरीच्या अनुदानाचे. त्यात ग्रंथपालाची चूक नाही अन् मुलीचीही नाही. पण ती मुलगी पुन्हा काही विचारील असे वाटते का तुम्हांला? "आपल्यालाच नीट विचारता येत नाही," असे म्हणून ती गप्प बसेल. पहिल्यांदाच विचारणारा असा हिरमुसला, की ग्रंथालयाला तो कायमचा मुकतो.

असे का होते? रॉबर्ट टेलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली याचा छान उलगडा केला आहे. तो म्हणतो, मनात आधी नुसती एक अस्पष्ट रुखरुख असते; मग तिची जाणीव होते; मग तिला शब्द मिळतात; आणि शेवटी, समोरच्या ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज घेऊन माणूस त्या शब्दांना कात्री लावतो. ग्रंथपालाच्या कानी पडतो तो हा कातरलेला प्रश्न. चांगला ग्रंथपाल उलट प्रश्न विचारीत मूळ रुखरुखीपर्यंत मागे जातो. फॉर्मला ही सोय नाही, म्हणून ग्रंथपालाचे उलट प्रश्न फॉर्मनेच आधी विचारून ठेवायचे. फॉर्म करण्याची खरी विद्या एवढीच. रंग, चित्रे, बोधचिन्हे हे सगळे नंतरचे.

सर्वांत वर एक मोठी मोकळी चौकट हवी. चौकट लहान ठेवली की लोक चार शब्दांत आटोपतात. तिच्यावर नुसते "विषय" असे लिहू नका. "तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे? समोर बसलेल्या माणसाला सांगाल तसे लिहा," असे लिहा. विषयांची लांबलचक यादी देऊन त्यांतून एक निवडायला लावणे तर मुळीच नको. विहीर इतिहासात घालायची की समाजशास्त्रात, हे ठरविणे ग्रंथपालाचे काम आहे, पाचवीतल्या मुलीचे नव्हे.

दुसरा प्रश्न नाजूक आहे: माहिती कशासाठी हवी? उत्तर यावरच अवलंबून असते. शाळेतल्या भाषणासाठी हवी असेल तर सोप्या भाषेतले पानभर पुरे. एम.ए.च्या प्रबंधासाठी हवी असेल तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांपैकी अठरावा, मराठी भाषणांचा, तीन भागांचा खंड दाखवावा लागेल. 'जनता' पत्राच्या जुन्या अंकांकडे वळावे लागेल. जिल्ह्याचे गॅझेटियर चाळावे लागेल. पण "कारण सांगा" असे लिहिले की तहसील कचेरीत उभे राहिल्यासारखे वाटते. त्याऐवजी असे लिहावे: "कशासाठी हवे ते सांगितलेत तर योग्य ते शोधता येईल. सांगितले नाही तरी चालेल." मिशिगन विद्यापीठात १९९५ साली 'इंटरनेट पब्लिक लायब्ररी' सुरू झाली, तिच्या फॉर्मातही माहितीचा उपयोग विचारीत, आणि आधी कुठे शोधलेत हेही विचारीत. हा दुसरा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. पाहिलेलेच पुस्तक पुन्हा पाठविण्याचा दोघांचाही त्रास वाचतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा डॉ. रंगनाथन यांचा १९३१ सालचा नियम येथे अगदी तंतोतंत लागू पडतो.

उत्तर केव्हापर्यंत हवे, हे विचारायलाच हवे. शुक्रवारी भाषण आणि सोमवारी उत्तर, याला काय अर्थ? आणि आपल्या भागात भाषाही विचारावी. दक्षिण सोलापूर तालुक्यात घरी कन्नड बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी मुले पुष्कळ. मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत लिहा असे स्पष्ट म्हटले, तर अर्धा संकोच तिथेच जातो.

आता काय विचारू नये? आधार क्रमांक, जात, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय. उत्तर पाठविण्यापुरता फोन किंवा ई-मेल, बस्स. कुणाला आपल्या आजाराविषयी विचारायचे असेल, कुणाला जमिनीच्या वाटणीविषयी. फॉर्म कोण वाचणार आणि नाव कुठेही जाहीर होणार नाही, हे वरच लिहून टाकावे, आणि ते पाळावेही.

शिक्षकांना एक सुचवितो. संगणकाला हात लावण्याआधी हा फॉर्म कागदावर काढा आणि गावातल्या पाच जणांना भरायला द्या: एक विद्यार्थी, एक शेतकरी, एखाद्या आजीबाई, असे. तुम्ही शेजारी नुसते बसा, बोलू नका. ज्या ओळीवर पेन थबकेल, ती ओळ बदला. मग तो मोबाईलवर उतरवा, एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत. रेंज गेली तरी लिहिलेला मजकूर पुसला जात नाही ना, तेही पाहा. आणि प्रश्न पाठविताच "प्रश्न मिळाला, अमुक दिवसापर्यंत उत्तर देतो" असा निरोप जाऊ द्या. ग्रंथपाल एकटा असेल तर तो दिवस जरा लांबचाच लिहावा.