विस्तवावरचा हात

सुरुवातीलाच माझ्या अज्ञानाची कबुली देतो. मागे रणजीच्या सीझनला आम्ही चौघं रूमवर मोबाइलवर स्कोअर बघत बसलो होतो. महाराष्ट्राची मॅच नाशिकला होती आणि खाली मैदानाचं नाव आलं - हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. मी सहज विचारलं, "कान्हेरे म्हणजे जुने बॅट्समन का रे?" रूममध्ये जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही. माझं शिक्षण जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये. नेपोलियन, नेल्सन सगळे पाठ, पण हुतात्मा शब्दाचा अर्थ नीट कळला तोच मुळी अकरावीत. तेव्हा हसण्याचा हक्क मी मित्रांना दिला आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो.

आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, "तू बदनापूरचा ना? मग हा तुझ्या रुळावरचाच पोरगा आहे." ते खरंच होतं. बदनापूरवरून जी रेल्वे जाते ती मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाच्या मुलखातली लाईन, 1900 च्या सुमारास सुरू झालेली, तेव्हा मीटर गेज. आमच्या स्टेशनापासून पाऊण तासावर औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे 1908-09 साली एका भाड्याच्या खोलीत हा मुलगा राहत होता. जन्म कोकणातला, खेड तालुक्यातला, पण इंग्रजी शिक्षण आपल्या मोगलाईत झालेलं. वय सतरा-अठरा. आपल्याकडच्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षाही लहान!

या लेखात मला एवढंच समजावून सांगायचं आहे की या मुलाने काय केलं, आणि त्याच्या गोष्टीतला विस्तव नेमका कुठे होता. कारण माझ्या मते आपण तो चुकीच्या जागी शोधतो.

आधी पार्श्वभूमी. नाशिकला सावरकर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांची एक संघटना होती, तिचं पहिलं नाव मित्रमेळा. 1904 साली तिचं अभिनव भारत झालं. पुढे लहान लहान गुप्त मंडळं ठिकठिकाणी निघाली, येवल्याला आणि औरंगाबादलाही. औरंगाबाद निजामाच्या राज्यात, म्हणजे इंग्रजांच्या थेट हद्दीबाहेर. जून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना देशभक्तीपर कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल जन्मठेप! हे प्रकरण सेशन कोर्टाकडे पाठवणारे नाशिकचे कलेक्टर होते जॅक्सन. 1 जुलै 1909 ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये त्यांना फाशी झाली. त्याच वर्षी विनायक सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. दारू कोरडी होती, ठिणगीच हवी होती.

अनंत ज्यांच्या घरात राहत होता त्या घराचा मुलगा गंगाराम. दोघांची जिवाभावाची मैत्री. ती इतकी की अनंताने त्या मैत्रीवर एक कादंबरी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'मित्रप्रेम'. मला हे वाचून धक्काच बसला. इतिहासाच्या पुस्तकात ज्याच्या हातात फक्त पिस्तूल दिसतं, त्याच हातात आधी लेखणी होती आणि तिने लिहिलं काय, तर दोस्तीची गोष्ट!

आता विस्तवाचा प्रसंग. त्याच्या चरित्रकथांत तो हमखास येतो. धिंग्रांच्या फाशीचा सूड घ्यायला मी तयार आहे असं अनंत म्हणाला तेव्हा गंगारामने त्याची परीक्षा घेतली. तापलेलं लोखंड हातात धरायला लावलं, आणि आणखी एकदा जळत्या दिव्याच्या काचेवर हात ठेवायला लावला. पोराने तोंडावरची रेघसुद्धा हलू दिली नाही, असं सांगतात.

इथे जरा थांबून यातलं शास्त्र बघू. त्वचेचं तापमान साधारण 43 ते 45 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वेदना सुरू होते. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत चांगलं भाजतं. जळत्या दिव्याची काच तर याहून कितीतरी जास्त तापते. हाताला चटका बसला की संदेश आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातो आणि हात मागे घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला "आई गं" कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. हा जगण्याचा सर्किट ब्रेकर आहे. हात जर तसाच ठेवायचा असेल तर मेंदूला वरून उलटा हुकूम पाठवावा लागतो, थांब म्हणून. म्हणजे हात न हलवणाऱ्याला दुखत नाही असं अजिबात नाही. त्याला पुरेपूर दुखतं, फक्त त्याने जगण्याच्या हुकमावर दुसरा एक हुकूम चढवलेला असतो.

प्रश्न असा की तो दुसरा हुकूम कुठून येतो?

फर्स्ट इयरला आम्ही हाच प्रयोग केला होता, तोही कान्हेऱ्यांचं नाव ठाऊक नसताना. लाईट गेलेली, मेणबत्ती लावलेली, सबमिशन पडलेलं. कुणीतरी म्हणालं, ज्योतीवर हात धरून दाखवा. मी दोन सेकंदांत हात काढला. माझ्या रूममेटने धरून ठेवला. किती वेळ ते आठवत नाही, वास आला एवढं आठवतं. तळहाताला हा एवढा फोड आला, आठवडाभर ड्रॉइंगची शीट मारता आली नाही. वॉर्डन सरांना आम्ही सांगितलं की चहा सांडला. वर्षभर तो आमच्या विंगचा हिरो होता आणि मी फट्टू. खरं सांगायचं तर तो मूर्खपणा होता, कारण त्या हुकमाच्या मागे कुणीच नव्हतं. नुसता टाळ्यांचा मोह होता.

कान्हेऱ्यांच्या बाबतीत मागे काय होतं ते नाशिकच्या बेतात दिसतं. जॅक्सनची बदली झाली होती. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग होता आणि त्याला ते येणार होते. अनंत औरंगाबादहून आला. त्या काळी मनमाडला गाडी बदलावी लागे. बेत तिहेरी होता, आपल्या भाषेत दोन स्टँडबाय ठेवलेले. पहिला अनंत. त्याचा नेम चुकला तर विनायक देशपांडे. तेही जमलं नाही तर कृष्णाजी कर्वे.

या बेतातला शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काम झालं की अनंताने पळून जायचं नव्हतं. त्याने विष घ्यायचं होतं, ते नाही जमलं तर स्वतःवर गोळी झाडायची होती. सगळा भार एकट्यावर घ्यायचा, म्हणजे कुणाचं नाव बाहेर येणार नाही. घरच्यांना आठवण म्हणून त्याने आधी स्वतःचा एक फोटोही काढून घेतला होता, असं सांगतात. डोक्यात सुटकेचा रस्ताच नव्हता. स्वतःचं जगणं त्याने यादीत सगळ्यात खाली टाकलं होतं आणि मित्रांचं वर. काचेवरच्या हातामागचा हुकूम हाच असावा असं मला वाटतं. 'मित्रप्रेम' लिहिणाऱ्याला नुसतं लोखंड तापवून ओळखता येत नाही.

त्याने चार गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच गेले. पण विष घ्यायला वेळच मिळाला नाही, तिथल्या तिथे धरला गेला. पुढे धरपकड झाली, गटातल्याच काहींच्या जबान्या सरकारच्या बाजूने गेल्या. ज्यांना वाचवायचं होतं ते वाचले नाहीत. मुंबई हायकोर्टाने 29 मार्च 1910 ला निकाल दिला आणि 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तिघांनाही फाशी झाली. प्रेतंसुद्धा नातेवाइकांना मिळाली नाहीत. ब्राउनिंग पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि विनायक सावरकरही पकडले गेले.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. जॅक्सन हा काही गोष्टीतला राक्षस नव्हता. त्याला संस्कृत येत होतं, मराठी येत होतं, कोकण-गुजरातच्या लोककथा-रूढींची टिपणं त्याने जमवली होती. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. आपल्या भाषेवर प्रेम असणारा माणूस मराठी नाटक बघायला आला आणि मराठी पोराच्या हातून मेला. त्याच माणसाच्या सहीने कविता छापणारा जन्मठेपेच्या वाटेला लागला होता, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवणं अवघड जातं. मला अजून जमलेलं नाही. एवढंच कळतं की स्वतःच्या माणसांवरचं प्रेम खरं असलं तरी त्याची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागू शकते, आणि तसं झालं हे लपवून हुतात्म्याचा मान वाढत नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं? पिस्तूल नक्कीच नाही, आणि मेणबत्तीही नाही. मरायला तयार असणं म्हणजेच प्रेम, असंही मी म्हणणार नाही, कारण हॉस्टेलात असल्या वाक्यांचे भलते अर्थ निघतात. पण आपला जीव, आपले मार्क, आपली झोप यांच्या वर कुणाला तरी ठेवता येतं, हे त्या मुलाला अठराव्या वर्षी ठाऊक होतं. मला ते विसाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

मागच्या सेमला मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत होत्या, घरचे बदनापूरहून निघेपर्यंत अर्धी रात्र गेली. माझा तोच रूममेट, मेणबत्तीवाला, हॉस्पिटलच्या बाकड्यावर दोन रात्री बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याची व्हायवा होती. तो गेलाच नाही. मी नंतर ओरडलो त्याच्यावर, "अरे येड्या, केटी लागली ना तुला!" तो म्हणाला, "लागू दे रे. सुटेल पुढच्या सेमला." एवढंच. त्याच्या तळहातावर मेणबत्तीचा डाग अजून आहे. पण मला विचाराल तर त्याची परीक्षा त्या ज्योतीवर झालीच नाही, ती बाकड्यावर झाली. तिथे टाळ्या वाजवायला कुणीही नव्हतं.

ता. क. - नाशिकच्या त्या मैदानावर आता जाऊन यायचं ठरलंय. मॅच असो वा नसो. तिकिटं मी काढणार आहे, दोन.