खेळासाठी संगणक की कन्सोल?

खेळ म्हटला की साहित्य आलेच. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो; विटीदांडूला लाकडाचे दोन तुकडे पुष्कळ झाले. हे साहित्य मोडले तरी कोणाच्या जिवाला घोर लागत नाही. व्हिडिओ खेळांची गोष्ट निराळी आहे. त्यांना यंत्र लागते, यंत्राला पैसा लागतो, आणि सामान्य घरात असा पैसा वारंवार निघत नाही. म्हणूनच ‘संगणक घ्यावा की कन्सोल?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या तोंडी जितका, तितकाच पालकांच्याही मनात असतो. या वादात दोन्हींकडचे कैवारी आपापल्या यंत्राचा जयजयकार करण्यात दंग असतात. आम्ही येथे कोणाचाही पक्ष न घेता दोन्ही यंत्रांचा स्वभाव तेवढा समजावून घेणार आहोत. कारण स्वभाव कळला म्हणजे निवड आपोआप सोपी होते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कन्सोल हाही वस्तुतः संगणकच होय. २०२० साली बाजारात आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ आणि ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’ या दोन्ही कन्सोलांतील मुख्य प्रक्रियक एएमडी या कंपनीच्या रचनेचे आहेत. त्याच घराण्यातील प्रक्रियक कचेऱ्यांतील आणि घरांतील संगणकांतही असतात. तेव्हा भेद यंत्राच्या जातीचा नव्हे. यंत्राची किल्ली कोणाच्या हाती, हाच खरा भेद आहे.

हा भेद दोहोंच्या जन्मकथांतच दिसून येतो. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. ज्या पीडीपी-१ संगणकावर तो चाले, त्याची किंमत लाख डॉलरांहून अधिक होती आणि तो खेळासाठी बनविलेला नव्हता. खेळणारे आणि खेळ रचणारे तेथे एकच होते. याच्या उलट, १९७२ साली ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हा घरगुती कन्सोल विक्रीस आला. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून तो साकारला होता. दूरचित्रवाणी संचाला जोडावा आणि कुटुंबाने खेळू लागावे, एवढेच त्याचे प्रयोजन. आत काय चालले आहे, याची चौकशी करण्याचे कोणाला कारणच नव्हते.

पुढे १९८३ साली अमेरिकेत या खेळांचा बाजार कोसळला. सुमार खेळांचा सुळसुळाट होऊन ग्राहकांचा विश्वास उडाला होता. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने त्या बाजारात आपला कन्सोल आणला तो आत एक कुलूप बसवूनच. कंपनीने मान्य केलेली काडतुसे तेवढी त्यात चालावीत, अशी एक विशेष चिप त्यात होती. (त्याच कंपनीच्या जपानी यंत्राच्या नकला १९९० च्या दशकात भारतातील घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून पोहोचल्या, हे अनेक पालकांना आठवत असेल.) हे कुलूप कन्सोलच्या पोटात आजही आहे. त्याचा लाभ असा की वाईट माल बाहेर राहतो आणि यंत्र सुरळीत चालते. तोटा असा की दुकान एकच उरते.

आता चालण्याविषयी पाहू. पडद्यावर हालचाल दिसते ती एकामागून एक झरझर बदलणाऱ्या चित्रांमुळे. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्र रचण्यास यंत्राला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. कन्सोलच्या एका जातीची सर्व यंत्रे जवळजवळ एकसारखी असल्यामुळे खेळ रचणाऱ्यास नेमक्या त्या यंत्रावर माप घेऊन काम करता येते. संगणकाचे तसे नाही. एकाचे ग्राफिक्स कार्ड जुने, दुसऱ्याची मेमरी कमी, तिसऱ्याचा पडदा मोठा. म्हणून तेथे चित्राचा बारकावा आणि वेग यांचा मेळ खेळणाऱ्यानेच घालावयाचा असतो.

भजनाच्या मंडपात पेटी आणि तंबोरा आपण सर्वांनीच पाहिला आहे. पेटीचे स्वर कारखान्यातच ठरलेले. पट्टीवर बोट ठेवले की सूर निघालाच. तंबोरा मात्र गाण्यापूर्वी जुळवून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो, कान लागतो. परंतु तो गवयाला हव्या त्या सुरात बसविता येतो. कन्सोल ही पेटी आणि संगणक हा तंबोरा, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

पैशाचा हिशेब मात्र उपमेने होत नाही. कन्सोलची किंमत कंपन्या पुष्कळदा मुद्दामच कमी ठेवतात आणि खेळांच्या विक्रीतील वाट्यातून कसर भरून काढतात. शिवाय विकत घेतलेले बरेचसे खेळ इंटरनेटवरून इतरांशी खेळावयाचे झाल्यास प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व निन्टेन्डो या तिन्हींकडे वर्गणी भरावी लागते. खेळांस योग्य असा संगणक आरंभी महाग पडतो. पण तेथे अशी सरसकट वर्गणी नाही, दुकाने अनेक असल्याने सवलतीही बऱ्याच मिळतात, आणि तेच यंत्र अभ्यासाला, लेखनाला, हिशेबाला उपयोगी पडते. म्हणून केवळ यंत्राची किंमत न पाहता यंत्र, खेळ, वर्गणी आणि दुरुस्ती असा निदान तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडावा.

विकत घेतलेला खेळ खरोखर आपला होतो काय, हेही पाहिले पाहिजे. निन्टेन्डोने २०२३ साली आपल्या ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या जुन्या यंत्रांसाठीचे इंटरनेटवरील दुकान बंद केले. २०२४ साली युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर थांबविले आणि पैसे देऊन घेतलेला तो खेळ संगणक व कन्सोल या दोहोंवर निरुपयोगी झाला. म्हणजे या बाबतीत संगणकवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये. उलट तबकडीची सोय असलेला कन्सोल घेतल्यास खेळ झाल्यावर तबकडी मित्राला देता येते किंवा विकता येते. संगणकावर ‘जीओजी’सारखे, कुलूप नसलेले खेळ विकणारे दुकान २००८ पासून आहे.

एका बाबतीत मात्र संगणकाची बरोबरी कन्सोलला करता येत नाही. १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून दोन तरुणांनी पुढच्याच वर्षी ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढे आपल्याकडील सायबर कॅफेंतून मुले तोच खेळत असत. खेळ उघडून पाहण्याची ही मोकळीक संगणकावर आहे. ‘स्क्रॅच’ किंवा ‘गोडो’ ही साधने मोफत मिळतात. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलाला त्यांच्या साहाय्याने आपल्याच भाषेत बोलणारा खेळ रचता येईल. मात्र त्यासाठी जिज्ञासा हवी. ती यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

तर मग घ्यावे काय? घरातील भावंडांनी एकत्र बसून फुटबॉल किंवा शर्यत खेळावी, यंत्राची कटकट नको, आणि अभ्यासाची सोय अगोदरच आहे, अशा घरी कन्सोल उत्तम. घरात संगणक नाही आणि एकच यंत्र घेणे शक्य आहे, तर निःसंशय संगणक घ्यावा; खेळ थोडे साधे मिळाले तरी चालतील. यंत्र कोणतेही असो, आमच्याकडील पावसाळ्याचा ओलावा आणि विजेची ये-जा ध्यानी घेऊन त्यास हवेशीर जागा आणि विजेच्या चढउतारापासून संरक्षण द्यावे.

विद्यार्थ्यांना जाता जाता एक सांगणे आहे. मनात खेळ असताना ‘अभ्यासासाठी हवा’ असे सांगून संगणक मागू नये. खेळण्याची इच्छा ही लपविण्याजोगी गोष्ट नाही. आईवडिलांसमोर तीन वर्षांच्या खर्चाचा कागद ठेवावा आणि ‘आम्हांला खेळायचेही आहे’ असे सरळ सांगावे. ज्यांच्या कष्टाचा पैसा खर्च व्हावयाचा, त्यांना तो कशासाठी जातो हे ठाऊक असले, म्हणजे नकारही समजून घेता येतो आणि होकाराचे मोलही कळते.