राखलेला कागद

विन्स्लो होमरचं ‘आफ्टर द हरिकेन, बहामाज’ हे १८९९ सालचं जलरंगचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. वादळानं किनाऱ्यावर फेकलेली फुटकी होडी, तिच्याशेजारी वाळूत निपचित पडलेला माणूस, मागे अजून खवळलेला समुद्र. आकार जेमतेम ३८ बाय ५४ सेंटिमीटर. छापील प्रत समोर ठेवून त्याचा अभ्यास करताना मी आधी फक्त पांढरं शोधतो. कारण या चित्रातला उजेड मुख्यतः कागदाचा आहे. काही ठिकाणी होमरनं कागद कोरा राखला, काही ठिकाणी रंग लावून मग परत मिळवला.

हे परत मिळवणं हाताला शिकवावं लागतं. वाळलेल्या निळ्यावर स्वच्छ पाण्याच्या ब्रशनं हवा तो आकार काढायचा, रंग सुटेपर्यंत थांबायचं आणि टिपकागद नुसता दाबायचा. घासलं की कागदाचे तंतू उठतात, मग त्यावरचा पुढचा वॉश डागाळतो. अल्ट्रामरीन सहज उचलला जातो. प्रशियन ब्लू तंतूंत मुरतो आणि फिकट छटा मागे ठेवतोच. ढगांना ती छटा शोभते, फेसाला नाही. फेसासाठी पातं हवं. खरवडायचं ते कागद ठणठणीत वाळल्यावरच. किंचित ओल असली तरी पातं कागद फाडतं. खडबडीत कागदावर पातं आडवं फिरवलं की फक्त उंचवटे पांढरे होतात, खळग्यांत निळा राहतो, आणि पाणी फुटल्यासारखं दिसतं. पांढऱ्या रंगाचा ठिपका असा फुटत नाही, तो वर बसून राहतो.

होमर बहामाजला पहिल्यांदा गेला तो १८८४-८५च्या हिवाळ्यात, ‘सेंच्युरी’ मासिकासाठी चित्रं काढायला. दुसऱ्यांदा १८९८-९९मध्ये. मला दुसऱ्या खेपेची चित्रं अधिक मोलाची वाटतात. उष्ण कटिबंधातलं ऊन दाखवायचं म्हणून भडक रंग वापरायचा मोह अनेकांना होतो. इथे मात्र आभाळ करडं, ओलं आहे, आणि तरी वाळू डोळ्यांवर येते. शेजारचा रंग किती गडद ठेवायचा, याचा हा हिशेब आहे.

अपारदर्शक रंग त्यानं वापरलाच नाही असं नाही. पण तो अगदी थोडा, मोजक्या ठिकाणी. मीही पांढऱ्याची ट्यूब शेवटपर्यंत बंद ठेवतो. आधी पाणी, टिपकागद आणि पातं.