पोटाखालचे १५ मिलिमीटर

गतिरोधकावरून जाताना पोटाखालून ‘खर्रर्र’ आवाज आला, की जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाच्या काळजात चर्र होतं. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची ऑस्टिन-हिली ३००० (१९५९ ते १९६७) हे याचं ठळक उदाहरण. तिच्या सांगाड्याचे पोलादी दांडे मागच्या ॲक्सलच्या खालून जातात. त्यामुळे गाडी मुळातच बुटकी आणि सायलेन्सर तर अगदी जमिनीलगत.

उपाय काय? लगेच सायलेन्सरची नळी कापायला घेऊ नका. मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत का, इंजिनाखालची रबरं दबलीत का, नळी टांगणारी रबरं ताणलीत का, ते आधी पाहा. हरवलेली उंची अनेकदा तिथेच सापडते.

तरीही घासतेच? मग भूमिती मदतीला येते. ५० मिलिमीटर व्यासाची गोल नळी चपटी करून तिची उंची ३५ मिलिमीटर केली, तर परीघ तेवढाच राहतो आणि वायूची वाट जेमतेम ९ टक्क्यांनी आक्रसते. जमिनीपासूनचं अंतर मात्र १५ मिलिमीटरने वाढवता येतं. रॅलीच्या हिलींमध्ये तर नळी मागे न नेता बाजूनेच बाहेर काढत. खडबडीत रस्त्यांवरची १९६० सालची लीएज-रोम-लीएज रॅली पॅट मॉस आणि अ‍ॅन विज्डम यांनी हिली ३००० मधूनच जिंकली.

एक पथ्य पाळा: नळी तळाला चिकटवू नका. इंजिनाबरोबर तीही हलते आणि प्रचंड तापते. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून ती लांबच हवी.