ताप उतरला, तरी सावध!

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरी आईवडील दोघंही शेतात असतात. तापलेलं लेकरू आजीजवळ. आजी दुकानातून डोकेदुखीची गोळी आणवते आणि त्यातली अर्धी लेकराला देते. त्या गोळीत ॲस्पिरिन असेल, तर घात होऊ शकतो.

फ्ल्यू, कांजिण्या हे विषाणूंचे आजार. त्यात ॲस्पिरिन दिल्यास क्वचित एखाद्या मुलाला ‘राय सिंड्रोम’ होतो. यकृताच्या पेशींना चरबी जाळता येत नाही, तिचे बारीक थेंब पेशींतच साचतात. रक्तात अमोनिया वाढतो, मेंदूला सूज येते. लठ्ठपणामुळे यकृतात हळूहळू साचणारी चरबी वेगळी. इथे काही दिवसांतच जीव धोक्यात येतो.

सिडनीच्या डॉ. डग्लस राय यांनी १९६३ साली अशा २१ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत १९८० साली ५५५ रुग्ण नोंदले गेले. ॲस्पिरिनबाबत पालकांना सावध केल्यावर, १९९४ ते १९९७ या काळात वर्षाला दोनहून अधिक आढळले नाहीत.

ताप उतरतो, मूल सावरतंय असं वाटतं, आणि उलट्या सुरू होतात त्या थांबतच नाहीत. मूल चिडतं, बरळतं, गुंगीत जातं. डोळे बहुधा पिवळे होत नाहीत. अशा वेळी बाहेरची बाधा समजून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉल द्या, तेही डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं. डॉक्टरांनीच ॲस्पिरिन सुरू केलं असेल, तर ताप येताच त्यांना विचारा.

आजीची माया खरीच. फक्त गोळी कसली, हे आधी विचारून घ्यावं.