विश्लेषण : हेपारिन पोटावर टोचावेच लागते, ते गोळीतून का देता येत नाही?

गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, की रोज पोटाच्या त्वचेखाली हेपारिनचे इंजेक्शन सुरू होते. बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे. वॉरफरिनची गोळी वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. रिव्हॅरोक्सॅबनसारख्या नव्या गोळ्याही या काळात टाळल्या जातात. हेपारिन मात्र वार ओलांडत नाही. (आपण ‘रक्त पातळ करणारे’ म्हणतो खरे, पण रक्त पातळ होत नाही, ते गोठणे रोखले जाते.)

अडते कुठे?

१९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून हेपारिन पुढे आले. आजही ते प्रामुख्याने डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. गंमत म्हणजे आपल्या आतड्याला तेच शोषता येत नाही. ॲस्पिरिनच्या रेणूचे वजन १८० डाल्टन, हेपारिनचे सरासरी १५,००० च्या आसपास. छोटे केलेले एनॉक्सापॅरिनही ४,५००. शिवाय त्यावर भरपूर ऋण विद्युतभार, आणि आतड्याचा पृष्ठभागही ऋणभारितच. शाळेतला नियम आठवा : सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात.

मग नॅनोकण काय करतात?

कोळंबीच्या कवचापासून बनणारा कायटोसन धनभारित असतो. हेपारिनला तो चिकटतो आणि दोघांचे काहीशे नॅनोमीटरचे कण तयार होतात. हे कण आतड्यातील चिकट थराला धरून राहतात. कायटोसन पेशींमधले घट्ट सांधेही तात्पुरते सैल करतो. फ्रान्समधील संशोधकांनी वेगळे पॉलिमर वापरून असेच कण सशांना तोंडावाटे दिले. २००२ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात त्यांनी २३ टक्क्यांपर्यंत हेपारिन रक्तात पोहोचल्याचे नोंदवले.

तरीही गोळी का नाही?

खरी अडचण शोषणातील चढउताराची आहे. आज जास्त शोषले तर रक्तस्रावाचा धोका, उद्या कमी शोषले तर गुठळीचा. स्नॅक नावाच्या वाहक रसायनासोबत हेपारिन पाजण्याचा प्रयोग खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झाला; इंजेक्शनपेक्षा ते सरस ठरले नाही. हेच स्नॅक वापरून सेमाग्लुटाइडची गोळी मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्यातले जेमतेम एक टक्का शोषले जाते, पण ते शरीरात आठवडाभर टिकते, त्यामुळे रोजचा कमी-जास्तपणा निभावतो. हेपारिनचा परिणाम काही तासांचाच.

आणि हो, औषधदुकानात हेपारिनचे जेल मिळते. ते वरवरच्या शिरेची सूज आणि मुका मार यांसाठी असते. ते लावून इंजेक्शन बंद करू नका.